तुरुंगाच्या आतले गुन्हे

गुन्हा करणाऱ्यास आपण तुरुंगात घालतो. पण तुरुंगातच जो गुन्हा करील त्यास कोठे घालावयाचे? शाळेच्या वक्तृत्वस्पर्धेत एखाद्या चुणचुणीत मुलाने प्रतिपक्षाला निरुत्तर करण्यासाठी टाकावा, अशा जातीचा हा प्रश्न वाटतो. परंतु ज्यांच्या घरचे माणूस आत आहे त्यांना त्यात गंमत दिसणार नाही. उंच भिंत आहे, रात्रंदिवस पहारा आहे, सकाळ-संध्याकाळ माणसांची मोजणी आहे, दाराशी झडती आहे. आणि एवढे असूनही आत मारामारी होते, खंडणी उकळली जाते, गांजा मिळतो, मोबाइल सापडतो, क्वचित खूनही पडतो. राज्यसत्तेचा हात जेथे सर्वांत अधिक पोचावयास हवा, तेथेच तो आखूड का पडतो, हे समजून घेण्याचा आमचा येथे प्रयत्न आहे.

उंद्रीसारख्या गावातल्या मंडळींना वाटेल, की तुरुंगाशी आमचा काय संबंध? कापूस, तूर, सोयाबीन यांतच आमचा दिवस उगवतो आणि मावळतो. तुरुंग हा मुंबई-पुण्याच्या गुंडांचा विषय. हा समज खरा नाही. खेड्यातला माणूस बहुधा दरोडा घालून आत जात नाही. धुऱ्याचे भांडण होते, बांधावरचे निंबाचे झाड कोणाचे यावरून बाचाबाची होते, हातातला दांडा किंवा विळा उगारला जातो, आणि संध्याकाळी घरचा कर्ता मुलगा पोलिसांच्या गाडीत बसतो. चिखलीच्या न्यायालयातून त्याची रवानगी बुलढाण्याच्या जिल्हा कारागृहात होते. पुढे मोठी शिक्षा झालीच, तर बहुधा अमरावतीच्या किंवा नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहात. तोवर तो ‘कच्चा कैदी’ असतो, म्हणजे त्याचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नसतो. अशा माणसांची संख्या थोडी नाही. २०२२ च्या अखेरीस भारतातल्या १,३३० तुरुंगांत मिळून ५,७३,२२० माणसे होती आणि त्यांपैकी ४,३४,३०२, म्हणजे शंभरांत जवळजवळ शहात्तर, कच्चे कैदी होते. या सर्व तुरुंगांत मिळून जागा होती ४,३६,२६६ माणसांची. म्हणजे शंभरांच्या जागी एकशे एकतीस. हे झाले देशाचे सरासरी मान. पुण्याच्या येरवड्यासारख्या मोठ्या तुरुंगात तर क्षमतेच्या दुपटीहून अधिक माणसे राहत आली आहेत. पुढच्या सर्व विवेचनात हे आकडे वाचकांनी मनाशी धरून ठेवावेत.

आधी ‘तुरुंगातला गुन्हा’ म्हणजे काय, ते पाहू. १८९४ चा तुरुंगविषयक कायदा सव्वाशे वर्षांहून अधिक काळ या देशात चालला. त्याच्या पंचेचाळिसाव्या कलमात कारागृहातील अपराधांची यादी आहे. ती वाचण्याजोगी आहे. दुसऱ्यावर हल्ला करणे हा त्या यादीत अपराध; काम करण्यास नकार देणे हाही अपराध; आजारी असल्याचे सोंग करणे हाही अपराध. मारामारीचे आणि सोंगाढोंगाचे नाव एकाच यादीत घालणाऱ्या या कायद्याची दृष्टी उघड आहे. त्याला आत शिस्त हवी होती. कैद्याचे संरक्षण ही गोष्ट त्याच्या नजरेत दुय्यम होती. त्याच यादीत आणखी एक कलमी अपराध आहे: अधिकाऱ्यावर किंवा दुसऱ्या कैद्यावर जाणूनबुजून खोटा आरोप करणे. कागदावर यात वावगे काही नाही. पण खरे-खोटे ठरवणार कोण? ज्याच्या हाताखालच्या माणसाविरुद्ध तक्रार, तोच तुरुंगाधिकारी! अशा स्थितीत शहाणा कैदी काय शिकेल? तोंड मिटून बसायला. २०२३ मध्ये केंद्र सरकारने राज्यांसाठी नमुना कायदा तयार केला आणि त्याच्या नावातच ‘सुधारात्मक सेवा’ हे शब्द घातले. ही दृष्टी पालटल्याची खूण आहे. परंतु नाव पालटल्याने सवयी पालटत नाहीत, हे आमच्या वाचकांना सांगावयास नको.

आता धुऱ्याच्या भांडणातला आपला तो तरुण पहिल्या रात्री बराकीत शिरतो, असे समजा. पन्नासांसाठी बांधलेल्या बराकीत शंभर माणसे आहेत. अंधार पडण्यापूर्वीच बाहेरून कुलूप लागले आहे. ते आता सकाळीच उघडेल. पहारेकरी आहे, पण तो गजांच्या बाहेर, आणि त्याच्याकडे अशा कित्येक बराकी. आत संडासाजवळची जागा आहे, पंख्याखालची जागा आहे, भिंतीकडेची जागा आहे. पाणी ठरावीक वेळी येते, बादल्या थोड्या आहेत. तरुणाला घरी निरोप द्यावयाचा आहे. वकील कोण दिला, हे त्याला ठाऊक नाही. पोटात दुखते आहे, पण डॉक्टर उद्या येणार की परवा, हे कोणी सांगत नाही. या प्रत्येक गोष्टीची आत चणचण आहे. आणि जेथे चणचण असते आणि वाटप करणारा न्यायी हात नसतो, तेथे वाटप करणारा दुसरा कोणी तरी उभा राहतोच. रेशनच्या दुकानासमोर दलाल का उभे राहत, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे सांगावे लागणार नाही. बराकीतला जुना, जबर माणूस म्हणतो, ‘भाऊ, झोपायला जागा देतो, पण घरून इतके पैसे मागव.’ पैसे कोठे द्यायचे, कोणाला द्यायचे, हे तो सांगतो. उंद्रीला बसलेला बाप कोणाकडून तरी उसनवारी करून ते पोचवतो, कारण न पोचवल्यास मुलाचे काय होईल याची त्याला कल्पना करवत नाही.

ही आहे तुरुंगातल्या गुन्ह्याची मूळ कहाणी. खंडणी, मारहाण, चोरटी आयात, टोळी, या सर्व फांद्या याच खोडाला फुटतात. आत वाईट माणसे कोंडली आहेत म्हणून वाईट गोष्टी घडतात, हे उत्तर सोपे आहे, पण अपुरे आहे. तीच माणसे एका तुरुंगात शांत राहतात आणि दुसऱ्यात एकमेकांची डोकी फोडतात, याचा उलगडा त्या उत्तराने होत नाही.

अमेरिकेतील ग्रेशम साइक्स या समाजशास्त्रज्ञाने न्यू जर्सी राज्यातल्या एका मोठ्या तुरुंगाचा अभ्यास करून १९५८ मध्ये एक छोटेखानी ग्रंथ लिहिला. त्याचा निष्कर्ष आजही ताजा वाटतो. पहारेकऱ्याची सत्ता बाहेरून सर्वंकष दिसते. प्रत्यक्षात ती पोकळ असते, असे त्याने दाखवून दिले. शेकडो माणसांना रोज उठवणे, रांगेत उभे करणे, कामाला लावणे हे केवळ दंडुक्याने साधत नाही. मग पहारेकरी देवघेव करू लागतो. तू तुझ्या बराकीत गडबड होऊ देऊ नकोस, मी तुझ्या तंबाखूकडे काणाडोळा करतो. वरिष्ठांना शांतता दिसते, पहारेकऱ्याची नोकरी निर्धास्त होते, आणि बराक दादाच्या ताब्यात जाते. ही लाच नोटांची नसते, म्हणून ती पकडताही येत नाही. डेव्हिड स्कारबेक याने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात कॅलिफोर्नियातल्या तुरुंगांविषयी आणखी एक मार्मिक गोष्ट सांगितली आहे. तुरुंग लहान होते, माणसे एकमेकांना ओळखत होती, तोवर कैद्यांचा आपापसातला रिवाज पुरेसा असे. चुगली करू नये, दुसऱ्याचे चोरू नये, वगैरे. गर्दी वाढली, अनोळखी तरुणांचे लोंढे आले, तेव्हा रिवाज कोसळला आणि टोळ्यांनी त्याची जागा घेतली. खेड्यात पंचांचा शब्द चालतो आणि मोठ्या शहराच्या वस्तीत दादाचा, त्यातलाच हा प्रकार.

मराठी वाचकाला तुरुंग ठाऊक आहे तो मुख्यतः राजबंद्यांच्या लिखाणातून. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी विनोबा गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते टिपून घेत. त्यातून ‘गीता प्रवचने’ जन्मास आली. पण राजबंद्यांच्या शेजारच्या बराकीत राहणारा साधा कैदी आपल्या साहित्यात क्वचितच बोलतो. सावरकरांच्या ‘माझी जन्मठेप’ या पुस्तकात अंदमानातल्या वॉर्डर, पेटी ऑफिसर, टिंडल, जमादार या उतरंडीचे वर्णन आहे. हे सारे स्वतः कैदीच. परंतु इतर कैद्यांवर हुकमत चालवण्याचा अधिकार त्यांना मिळालेला. पगारी नोकर कमी ठेवून सरकारचा खर्च वाचवण्याची ही युक्ती होती. तिच्यावर १९१९-२० च्या तुरुंगसमितीपासून टीका होत आली. तरीही कैद्यालाच वॉर्डर नेमण्याची रीत आपल्याकडे शिल्लक राहिली. कैद्याला जबाबदारी देणे वाईट, असे आमचे म्हणणे नाही. स्वयंपाकघर, वाचनालय, शिवणखाते हे त्याने अवश्य सांभाळावे. मात्र दुसऱ्या कैद्याची जागा, जेवण किंवा भेट अडवण्याचा अधिकार त्याच्या हाती जाता कामा नये.

आणि तो कैदी-वॉर्डर तरी सुरक्षित असतो काय? जून २०१७ मध्ये मुंबईच्या भायखळा येथील स्त्रियांच्या तुरुंगात एका शिक्षा झालेल्या स्त्रीचा मृत्यू झाला. चांगल्या वर्तणुकीमुळे तिला वॉर्डर नेमण्यात आले होते. दोन अंडी आणि पाच पाव यांचा हिशेब लागला नाही, म्हणून तिला मारहाण झाली, असा आरोप पुढे आला आणि तुरुंगातल्या सहा स्त्री-कर्मचाऱ्यांवर खटला भरण्यात आला. दुसऱ्या दिवशी आतल्या बायकांनी दंगा केला. कागद जाळले, छतावर चढल्या. आणि दंग्याचा गुन्हा दोनशेहून अधिक बायकांवर दाखल झाला. दोन अंडी आणि पाच पाव! अन्नाची मोजणी हातघाईवर येते, ती इतक्या क्षुल्लक आकड्यावर. वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी, की या प्रकरणात गुन्ह्याचा आरोप कैद्यांवर नसून रखवालदारांवर होता. तुरुंगातले गुन्हे म्हणजे कैद्यांचे गुन्हे, ही समजूत आपण सोडली पाहिजे. आज न्यायिक कोठडीत मृत्यू झाला की चोवीस तासांत राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला कळवावे लागते, आणि संशयास्पद मृत्यूची चौकशी दंडाधिकाऱ्याने करावी लागते. हे दंडक मृत्यूनंतरचे आहेत. त्याआधीच्या मारहाणीची दाद कोठे लागते, हा खरा प्रश्न आहे.

त्याचे एक उत्तर १९७९ मध्ये एका पत्राने दिले. दिल्लीच्या तिहार तुरुंगात सुनील बत्रा नावाचा फाशीची शिक्षा झालेला कैदी होता. शेजारच्या एका कैद्याच्या नातेवाइकांकडून पैसे उकळावेत म्हणून तुरुंगाच्या हेड वॉर्डरने त्याला निर्घृणपणे मारले, असे पत्र त्याने सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना लिहिले. न्यायालयाने त्या पत्रालाच अर्ज मानले. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या निकालात केवळ त्या वॉर्डरचा निषेध नाही. व्यवस्थेची तरतूद आहे. तुरुंगात तक्रारपेट्या ठेवाव्यात, त्यांची किल्ली तुरुंगाबाहेरच्या अधिकाऱ्याकडे असावी, जिल्ह्याच्या न्यायाधीशांनी तुरुंगात जाऊन कैद्यांना मोकळेपणी बोलू द्यावे, वकिलांनी जावे. पेटीची किल्ली कोणाकडे, हा तपशील क्षुल्लक वाटेल. आमच्या मते सारे मर्म तेथेच आहे. ज्या पेटीची किल्ली तुरुंगाच्या कचेरीत टांगलेली असते, ती पेटी तक्रारी गोळा करण्यासाठी नसून तक्रारखोर ओळखण्यासाठी असते. पुढे १९९३ ते १९९५ या काळात किरण बेदी तिहारच्या प्रमुख असताना त्यांनी फिरती तक्रारपेटी सुरू केली. त्यांच्या विपश्यना शिबिरांची प्रसिद्धी अधिक झाली, पण आम्ही त्या पेटीला अधिक गुण देऊ.

मोबाइलचे प्रकरण हे या चणचणीचेच नवे रूप. ३१ मार्च २०१५ रोजी नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहातून पाच कच्चे कैदी पळाले. त्यानंतर झालेल्या झडत्यांत आतून मोबाइल निघाले आणि सारा महाराष्ट्र थक्क झाला. यंत्र भिंतीवरून फेकलेल्या चेंडूत येते, न्यायालयाच्या फेरीत येते. परंतु इतकी यंत्रे नोकरवर्गाच्या संमतीवाचून येत नाहीत, हे उघड गुपित आहे. उपाय म्हणून संदेश अडवणारी यंत्रणा बसवतात, झडत्या घेतात. हे करावेच, आत बसून बाहेर खंडणी मागणाऱ्या टोळीवाल्याच्या हाती फोन राहू देणे म्हणजे तुरुंगाचा अर्थच घालवणे होय. पण आत फोन बाळगणारे सगळेच टोळीवाले नसतात. पुष्कळांना बायकोशी बोलावयाचे असते, मुलीच्या परीक्षेचा निकाल विचारावयाचा असतो, वकिलाने तारखेला यावे एवढेच सांगावयाचे असते. महाराष्ट्रातल्या तुरुंगांत आता नाण्याच्या फोनच्या जागी कार्डावर चालणारे फोन आले आहेत. नोंदवलेल्या क्रमांकावर ठरावीक दिवशी ठरावीक मिनिटे बोलता येते. घरून पडद्यावर भेट घेण्याची सोयही आहे. प्रत्येक सरळमार्गी मिनिटामागे चोरट्या मिनिटाचा भाव उतरतो. आणि गिऱ्हाईक घटले की उरलेल्या थोड्या फोनांचा माग काढणे पोलिसांनाही सोपे जाते. तंबाखू, साबण, औषध यांचेही तेच. कैद्यांच्या कॅन्टीनमध्ये वाजवी दराने जे मिळते त्याची आत तस्करी होत नाही.

नोकरवर्गाविषयी दोन शब्द लिहिणे अगत्याचे आहे. देशभर तुरुंगांतल्या मंजूर जागांपैकी सुमारे तीन दशांश जागा रिकाम्या असतात. जो शिपाई आहे त्याला दुहेरी पाळी, सणावाराला रजा नाही, आणि समाजात मान तर पोलिसाहूनही कमी. तो कैद्यांबरोबरच आयुष्य काढतो, फरक इतकाच की त्याला पगार मिळतो. अशा माणसाला नीतीचे व्याख्यान देऊन परत एकटा शंभर जणांसमोर उभा करणे हा दांभिकपणा आहे. चार भ्रष्ट शिपाई बडतर्फ केल्याची बातमी छापून येते. पण त्यांच्या जागी येणारा पाचवाही त्याच अंधारात, तितक्याच बराकींसमोर उभा राहणार असेल, तर साइक्सने वर्णिलेली देवघेव पुन्हा सुरू व्हावयास महिनासुद्धा लागत नाही.

टोळ्यांचे काय करावे, हा प्रश्न सर्वांत बिकट आहे. एका टोळीच्या माणसांना एकत्र ठेवले तर टोळी घट्ट होते. वेगवेगळ्या टोळ्या एका बराकीत ठेवल्या तर रक्त सांडते. प्रत्येकाला एकांतकोठडीत ठेवावे तर माणूस भ्रमिष्ट होतो आणि कायदाही त्याला मर्यादा घालतो. केवळ जबरीने काय होते, याचे भयंकर उदाहरण ब्राझीलचे. २ ऑक्टोबर १९९२ रोजी साव पावलो शहरातल्या एका तुरुंगाचा दंगा मोडताना पोलिसांनी कैद्यांवर गोळ्या झाडल्या. १११ कैदी मेले. पुढच्याच वर्षी त्या राज्यातल्या दुसऱ्या तुरुंगात कैद्यांनी एक संघटना स्थापली, ती ‘असे पुन्हा होऊ देणार नाही’ या भाषेत. मे २००६ मध्ये त्याच संघटनेने सत्तरांहून अधिक तुरुंगांत एकाच वेळी बंड केले आणि बाहेर शहरात हल्ले करून सारे साव पावलो ठप्प केले. सरकारने संरक्षण दिले नाही, ते टोळीने दिले. मग कैद्याने निष्ठा कोणाला वाहावी? आपल्याकडे गोष्ट त्या थराला गेलेली नाही. तशी जाऊ द्यावयाची नसेल, तर पहिल्यांदा आत आलेल्या तरुणाला जुन्या सराइतापासून वेगळे ठेवणे हा नियम कागदावरून बराकीत उतरला पाहिजे. आपल्या धुऱ्यावरच्या तरुणाला टोळीची गरज पहिल्या आठवड्यातच भासते. तो आठवडा जर निभावला, तर पुढे सहसा भासत नाही. वेगळे ठेवण्याच्या नावाखाली जात पाहून बराकी व कामे वाटण्याची पद्धतही काही राज्यांच्या तुरुंगनियमांत होती. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या अर्जावर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली. झाडूकाम अमुक जातीला आणि स्वयंपाक तमुक जातीला, हे स्वतंत्र भारतात पाऊणशे वर्षे चालले, ही लाजिरवाणी गोष्ट आहे.

आता दुसऱ्या टोकाकडे वळू. आजच्या सांगली जिल्ह्यातले आटपाडी त्या काळी औंध संस्थानात होते. १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस, औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी मॉरिस फ्रीडमन या पोलंडहून आलेल्या अभियंत्याच्या पुढाकारावर विश्वास टाकून, तेथे भिंतीवाचून कैद्यांची वसाहत वसवली: स्वतंत्रपूर. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेली माणसे तेथे शेती करीत, घरे बांधून राहत, बायकामुलांना बरोबर ठेवीत. १९५७ च्या ‘दो आँखें बारह हाथ’ या शांतारामबापूंच्या चित्रपटाची कथा ग. दि. माडगूळकरांनी लिहिली, तिची प्रेरणा येथली. चित्रपटातला जेलर एकटा, भाबडा आणि थोर आहे. म्हणून लोकांना वाटते, की असा महात्मा मिळाला तरच हे जमते. वस्तुतः महात्म्यावाचूनही ते जमले आहे. पैठण, येरवडा, आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात मोर्शी, अशा ठिकाणी खुली कारागृहे वर्षानुवर्षे चालली आहेत, ती साध्या सरकारी अधिकाऱ्यांच्या हातून.

खुल्या कारागृहात गुन्हे थोडे होतात, हे खरे. पण त्यावरून लगेच टाळ्या वाजवू नयेत. तेथे पाठवतात ती माणसे निवडलेली असतात. पुष्कळ वर्षे चांगल्या वर्तनाने काढलेली, सुटकेच्या जवळ आलेली. त्यांची तुलना भरगच्च बराकीतल्या कच्च्या कैद्याशी करणे न्याय्य नव्हे. तरीही एक धडा त्यातून निघतो. त्या माणसाजवळ गमावण्यासारखे काही असते. शिक्षेतली सूट असते, शेतातले काम असते, रजा असते. संचित रजा आणि अभिवचन रजा यांचे नियम महाराष्ट्रात १९५९ पासून आहेत. वर्तन बिघडले की रजा जाते, हे कैद्याला पक्के ठाऊक असते. १ मे २०२२ रोजी येरवड्यात राज्य सहकारी बँकेने ‘जिव्हाळा’ नावाची कर्जयोजना सुरू केली: कैद्याला आतल्या मजुरीच्या आधारावर ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज, सात टक्के व्याजाने; पैसे जातात ते घरी, मुलांच्या फीसाठी, म्हातारीच्या औषधासाठी. ज्याचा हप्ता चालू आहे तो माणूस बराकीतल्या दंग्यात पहिला दगड उचलणार नाही. मात्र येथेही एक गोम आहे. या साऱ्या सवलती शिक्षा झालेल्यांसाठी आहेत. शंभरांतल्या ज्या शहात्तरांचा गुन्हा सिद्धच झालेला नाही, त्यांना काम नाही, मजुरी नाही, सूट नाही, रजा नाही. सारा दिवस रिकामा, आणि सुटकेची तारीख अज्ञात. तुरुंगातल्या सगळ्यांत धोकादायक माणसाला आपण सर्वांत कमी आशा देतो, असे म्हणण्यापेक्षा, सर्वांत कमी आशा देऊन आपण त्याला धोकादायक करतो, असे म्हणणे अधिक खरे होईल.

म्हणून आमच्या मते तुरुंगातले गुन्हे कमी करण्याचा सर्वांत मोठा उपाय तुरुंगाच्या दाराशी आहे. ज्यांना आत ठेवण्याचे कारण नाही त्यांना बाहेर काढा; मग जागा होईल, पाणी पुरेल, पहारेकरी पुरेल, दादाचा माल पडून राहील. त्यासाठी नवीन कायद्याची वाट पाहावयास नको. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४७९ व्या कलमाप्रमाणे, यापूर्वी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला, की त्याला बंधपत्रावर सोडावयाचे; इतरांना निम्मा काळ. आणि तशी मुदत भरली की न्यायालयाला कळवण्याची जबाबदारी तुरुंग अधीक्षकावर टाकली आहे. जुन्या खटल्यांनाही हे लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी सांगितले. फाशी किंवा जन्मठेप होऊ शकेल अशा गुन्ह्यांना, किंवा एकाहून अधिक खटले चालू असलेल्यांना, ही सवलत नाही. येथे खेड्यातल्या लोकांनी सावध असावे. खुनाच्या प्रयत्नाचे कलम लागले आणि समोरच्याला दुखापत झालेली असली, तर जन्मठेप शक्य असल्यामुळे ही सवलत मिळत नाही. धुऱ्याच्या भांडणात ते कलम लागणे दुर्मीळ नाही. अशा वेळी ते कलम खरोखर बसते काय, हे पहिल्याच तारखेला चांगल्या वकिलाने मांडणे फार मोलाचे असते.

जामीन मंजूर झाला, पण रक्कम नाही, म्हणून आत राहिलेली माणसे ही आणखी एक करुण जात. त्यांच्यासाठी केंद्राने २०२३ मध्ये योजना केली. तेव्हा कच्च्या कैद्यासाठी ४०,००० रुपयांपर्यंत आणि दंड न भरल्यामुळे अडकलेल्या शिक्षाधीन कैद्यासाठी २५,००० रुपयांपर्यंत सरकारने भरावे, असे ठरले. जामिनाचा आदेश होऊन महिना लोटला तरी माणूस सुटला नाही, तर अटी शिथिल करण्याचा विचार न्यायालयाने आपण होऊन करावा, असेही सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितले आहे. प्रत्येक जिल्ह्यात कच्च्या कैद्यांचा आढावा घेणारी समिती असते. जिल्हा न्यायाधीश, जिल्हाधिकारी आणि पोलिस अधीक्षक तीत बसतात. समितीपुढे यादी जाते ती तुरुंगाच्या नोंदींवरून, आणि यादीत नाव नसेल तर ते सुचवण्यास नातेवाइकांना कोणी अडवलेले नाही.

उंद्रीच्या बापाने मग काय करावे? दादाला पैसे पोचवण्यासाठी उसनवारी करण्यापूर्वी त्याने चिखलीच्या न्यायालयातील तालुका विधी सेवा समितीकडे, किंवा बुलढाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. कोठडीत असलेल्या माणसाला मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या कायद्याने दिला आहे आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. शेती किती एकर आहे, हे तेथे कोणी विचारू नये. आत पैसे मागितले जात असतील, तर मागणाऱ्याचे नाव, तारीख आणि रक्कम कागदावर लिहून तो अर्ज जिल्हा न्यायाधीशांच्या नावे द्यावा आणि पोच घ्यावी. भेटीच्या दिवशी मुलाच्या अंगावर माराच्या खुणा दिसल्या, तर त्याच दिवशी वकिलामार्फत वैद्यकीय तपासणीची मागणी करावी. आठवडा उलटला की खुणा राहत नाहीत आणि पुरावाही राहत नाही.

मुलाने पुढच्या तारखेला न्यायाधीशांसमोर उभे राहिल्यावर तोंड उघडावे, हेही त्याला भेटीत सांगून ठेवावे. आता पुष्कळदा आरोपीला न्यायालयात न आणता पडद्यावर हजर करतात. त्या वेळी त्याच्या शेजारी तुरुंगाचाच शिपाई उभा असतो. तेव्हा, मला प्रत्यक्ष हजर करावे, एवढेच एक वाक्य त्याने म्हणावे. बाकीचे न्यायालयाच्या खोलीत बोलता येते.